अडगांवच्या रणांतील भोसल्यांचा वांटा

(१)

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाविषयीं मराठींत जे ग्रंथ व जीं शालोपयोगी पुस्तकें झालीं, त्यांत एक जोडशब्द वारंवार आढळतो. तो ‘शिंदे-भोसले’ हा होय. आसईस शिंदे-भोसल्यांचा मोड झाला, अडगांवीं शिंदे-भोसल्यांचा मोड झाला, आणि शेवटीं शिंदे-भोसल्यांनीं तह केले, अशीं वाक्यें आम्हींहि तीस वर्षें मुलांकडून पाठ करून घेतलीं. एके वर्षीं एका विद्यार्थ्यानें विचारलें, ‘अडगांवास तोफा कोणाच्या होत्या?’ प्रश्न साधा होता. परंतु त्याचें उत्तर पुस्तकांत नव्हतें व आमच्यापाशींहि नव्हतें. ‘दोघांच्या’ असें सांगून आम्हीं वेळ निभावून नेली. तें उत्तर चुकीचें होतें, हें पुढें मूळ पत्रें वाचतांना कळून आलें. प्रस्तुत लेख म्हणजे त्या चुकीचें उशिरां केलेलें परिमार्जन होय, असें वाचकांनीं समजावें.

व्याकरणशास्त्रांत द्वंद्वाचे भेद सांगतात. इतरेतर द्वंद्वांत जोडलेले घटक आपापलें पृथक्त्व राखून एकत्र येतात. समाहारांत त्यांचा एक समूह होऊन पृथक्त्व गौण ठरतें. शिंदे व भोसले यांचा १८०३ सालचा संबंध पहिल्या जातीचा होता. इतिहासकारांनीं तो दुसऱ्या जातीचा करून टाकला. असें झालें कीं दोन पक्षांपैकीं जो लहान, त्याचा हिशेब मोठ्याच्या खात्यांत बुडतो. आणि पराभवाचा दोष वांटण्याची वेळ आली म्हणजे मात्र लहानाचें नांव आठवणीनें निराळें काढण्यांत येतें. नागपूरकरांच्या बाबतींत नेमकें हेंच घडलें आहे, असें आमचें म्हणणें आहे.

भोसल्यांस ‘लहान’ म्हणतांना कोणी गैरसमज करून घेऊं नये. सेनासाहेब सुभा दुसरे रघूजी भोसले यांचें राज्य वऱ्हाडापासून कटकेपर्यंत पसरलेलें होतें. परंतु युद्धसामर्थ्य केवळ मुलखाच्या विस्तारावर मोजावयाचें नसतें. दौलतराव शिंद्यांजवळ द बॉयनच्या हातची कवायती पायदळाची परंपरा, हिंदुस्थानांतील वसूल आणि दिल्लीच्या बादशहावरील ताबा होता. त्या मानानें भोसल्यांचें लष्कर बहुतांशीं जुन्या वळणाचें घोडदळ व बेकवायती पायदळ एवढेंच होतें. या दृष्टीनें ते जुटींतील धाकटे भागीदार होत.

(२)

प्रथम साक्षीदारांची परीक्षा करूं. या मोहिमेचें आजवरचें वर्णन मुख्यत्वें तीन ठिकाणांहून आलेलें आहे. पहिलें ठिकाण म्हणजे जनरल आर्थर वेलस्ली याचे खलिते, जे पुढें गुरवूड यानें छापून प्रसिद्ध केले. दुसरें, त्या मोहिमेंत वेलस्लीच्या छावणींत असलेला व नंतर नागपुरास रेसिडेंट झालेला मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचें लेखन व त्याच्या आठवणी. तिसरें, १८२६ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रांट डफचा मराठ्यांचा इतिहास, ज्याचें मराठी भाषांतर लवकरच होऊन तें आपल्याकडील कित्येक पिढ्यांच्या वाचनांत राहिलें.

हीं तीन ठिकाणें दिसावयास तीन आहेत. साक्षी म्हणून त्यांची संख्या तीन धरतां येत नाहीं. एल्फिन्स्टन हा वेलस्लीच्या बाजूस उभा राहून लढाई पाहत होता, आणि ग्रांट डफ हा एल्फिन्स्टनच्या हाताखालीं राहिलेला व त्याच्या साह्यानें लिहिणारा ग्रंथकार होता. अर्थात् तिन्ही ग्रंथांत डोळा एकच आहे. एका पोथीवरून उतरलेल्या तीन प्रती मिळाल्या म्हणून पाठ तिप्पट शुद्ध ठरत नाहीं, हें पोथ्या जमविणाऱ्यांस आम्हीं सांगावयास पाहिजे असें नाहीं.

शिवाय खलिता हा इतिहास नव्हे. हे खलिते ज्या गव्हर्नर जनरलकडे जात, तो मार्क्विस वेलस्ली लेखकाचा वडील भाऊ होता, व हें युद्ध आवश्यक व न्याय्य होतें हें त्याला विलायतेंतील वरिष्ठांस पटवून द्यावयाचें होतें. म्हणून खलित्यांतील तोफांची व मृतांची संख्या आम्ही बहुधा ग्राह्य धरतों, कारण सेनापतीला ती आपल्या सरकारास हिशेबानें द्यावी लागते. परंतु शत्रूच्या हेतूंविषयींचीं वाक्यें व शत्रूच्या संख्येचे अंदाज यांस तोच मान देतां येत नाहीं. आसईपूर्वीं दोघां मराठे सरदारांचें मिळून अडतीस हजार घोडेस्वार होते, ही संख्या सर्वत्र उतरून घेतली जाते. ती प्रतिपक्षाच्या अदमासाची आहे, हजिऱ्यांवरून काढलेली नाहीं.

ग्रांट डफवर टीका करण्याची परंपरा मराठींत जुनी आहे. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं १८६७ च्या सुमारास, विद्यार्थिदशेंत असतांनाच, त्याच्या ग्रंथाचे दोष दाखवून दिले, आणि कै. यादव माधव काळे यांनीं ‘वऱ्हाडचा इतिहास’ व ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ लिहून या भागाकडे अभ्यासकांचें लक्ष वळविलें. त्या मार्गानेंच आम्ही एक पाऊल टाकीत आहों.

(३)

आतां प्रत्यक्ष प्रसंग घेऊं. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें वसईचा तह केला. त्यास विरोध म्हणून शिंदे व भोसले एकत्र झाले. होळकर बाहेर राहिले. ऑगस्ट १८०३ मध्यें युद्ध सुरू होऊन त्याच महिन्यांत अहमदनगरचा किल्ला इंग्रजांनीं घेतला, आणि २३ सप्टेंबर रोजीं केळणा व जुई या नद्यांच्या दुआबांत आसईची लढाई झाली.

आसईस रणाचा मुख्य भार शिंद्यांच्या कवायती पलटणींनीं उचलला, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पोलमनचें ब्रिगेड, द्युपाँच्या पलटणी व बेगम समरूच्या पलटणी हें त्या दिवशींचें खरें बळ होतें. भोसल्यांचें बेकवायती पायदळ मागें आसई गांवांत ठेवलेलें होतें. त्या गांवाच्या रोखानें चुकून पुढें गेलेल्या ७४ व्या गोऱ्या पलटणीची जी धूळधाण झाली, ती इंग्रजांच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. तिचें श्रेय मुख्यतः तोफांचें, म्हणजे शिंद्यांच्या गोलंदाजांचें आहे. इंग्रजांचे सुमारें सोळाशें लोक मेले वा जखमी झाले, व अठ्ठ्याण्णव तोफा त्यांच्या हातीं लागल्या.

रघूजी लढाईच्या आरंभींच निघून गेला व दौलतरावानें त्याचा कित्ता गिरविला, हें दोघांचें भ्याड वर्तन होतें, असा ग्रांट डफचा निकाल आहे. रघूजी निघून गेला, ही गोष्ट आम्ही नाकारीत नाहीं. मराठी लेखकांनीं केवळ अभिमानास्तव ती लपवावी असेंहि आम्हांस वाटत नाहीं. आमचा आक्षेप या निकालाच्या पुढच्या उपयोगावर आहे. राजा गेला, एवढ्या एका घटनेवरून राज्याच्या फौजेचें साऱ्या युद्धांतील मोल ठरविण्याची जी रीत पडली, ती सदोष आहे. राजा व फौज हे दोन निरनिराळे विषय आहेत. आसईच्या निकालानें अडगांव वाचावयाचें नसतें.

आसईनंतर काय झालें तें पाहावें. ऑक्टोबरांत बऱ्हाणपूर व अशीरगड स्टीव्हन्सननें घेतले. तिकडे उत्तरेंत अलीगड, दिल्ली, आग्रा हीं एकामागून एक गेलीं, व १ नोव्हेंबर रोजीं लासवारीच्या लढाईंत शिंद्यांचें हिंदुस्थानांतील पायदळ संपलें. भोसल्यांवरहि त्याच वेळीं दुसरी बाजू लढविण्याचा प्रसंग होता: कटक प्रांतावर इंग्रज फौज चालून गेली व ऑक्टोबरांत बाराबाटीचा किल्ला पडला. अशा स्थितींत भोसल्यांच्या सुमारें पांच हजार स्वारांनीं ऑक्टोबरच्या अखेरीस अंबडनजीक वेलस्लीकडे जाणाऱ्या रसदेवर हल्ला केला. या तांड्यांत चौदा हजारांवर बैल होते. हल्ला फसला, परंतु त्याचें लक्ष्य योग्य होतें. वेलस्लीची सारी मोहीम बैलांच्या पाठीवर चालली होती, आणि जुन्या मराठी युद्धपद्धतीस अनुसरून शत्रूची शिधासामुग्री तोडण्याचा हा या मोहिमेंतील ठळक प्रयत्न शिंद्यांच्या नव्हे तर भोसल्यांच्या घोडदळाकडून झाला, हें आपल्या पुस्तकांत क्वचितच नमूद होतें.

(४)

२३ नोव्हेंबर १८०३ रोजीं शिंद्यांच्या वकिलानें वेलस्लीशीं तात्पुरता युद्धविराम ठरविला. भोसले त्यांत नव्हते. शिंद्यांच्या फौजेनें एलिचपुराच्या पूर्वेस ठराविक अंतरावर हटून राहावें, अशी एक अट होती. तिचें पालन झालें नाहीं. शिंद्यांचें घोडदळ शिरसोलीजवळ, भोसल्यांच्या तळापासून दोन कोसांच्या आंतबाहेर, राहिलें. सहा दिवसांनीं, २९ नोव्हेंबर रोजीं, आज अकोला जिल्ह्यांत मोडणाऱ्या अडगांवच्या मैदानांत लढाई झाली. त्याच दिवशीं शिंद्यांचे वकील वेलस्लीस युद्ध न करण्याविषयीं विनवीत होते. त्यानें उत्तर दिलें कीं भोसल्यांशीं विराम झालेलाच नाहीं, आणि शिंद्यांनीं अट पाळलेली नाहीं.

आतां या रणांत कोण काय घेऊन उभा होता? वेलस्लीच्याच पत्रावरून स्पष्ट होतें कीं पायदळ व तोफा भोसल्यांच्या होत्या, आणि त्यांचें सेनापतित्व रघूजींचे धाकटे बंधु व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांजकडे होतें. शिंद्यांचें जें होतें तें केवळ घोडदळ. आसईस तोफा गमावल्यानंतर त्यांच्याजवळ दक्षिणेंत आणावयास दुसरें कांहीं उरलेंच नव्हतें. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर असें: तोफा भोसल्यांच्या होत्या. त्यांपैकीं अडतीस तोफा त्या सायंकाळीं इंग्रजांच्या हातीं गेल्या.

या तोफांनीं काय केलें, हेंहि त्याच खलित्यांत आहे. मात्र तें वाक्य सहसा उद्धृत होत नाहीं. लढाईच्या आरंभीं या तोफखान्याच्या माऱ्यानें कंपनीच्या तीन एतद्देशीय पलटणी फुटून मागें पळाल्या. ह्या पलटणी आसईस चांगल्या लढलेल्या होत्या. वेलस्ली स्वतः जवळ होता म्हणून त्यानें त्यांस पुनः रांगेंत आणिलें. तो दूर असता तर दिवस हातचा गेला असता, असा त्याचा स्वतःचाच अभिप्राय आहे. जी फौज आसईची तालीम मिळालेल्या तीन पलटणींस मोडते, तिच्या कामगिरीस ‘नाममात्र’ म्हणतां येणार नाहीं. आणि ही फौज ‘बेकवायती’ म्हणून हिणविलेली होती, हें ध्यानांत घ्यावें.

पुढें भोसल्यांच्या पायदळांतील एका तुकडीनें ७४ व ७८ या दोन गोऱ्या पलटणींवर चालून जाऊन निकराचा हल्ला केला, व ती तेथेंच कापली गेली. ही तुकडी इराण्यांची असावी, असें वेलस्ली अदमासानें लिहितो. पुढील ग्रंथांत तिला कोठें इराणी तर कोठें अरब म्हटलें आहे, आणि मूळच्या वाक्यांतील ‘असावी’ हा शब्द नकलेंत गळून गेला आहे. येथें आम्हांस एक मोह आवरावा लागतो. आम्ही राहतों त्या गांवाचें नांव बोरी अरब. नागपूरकरांच्या चाकरींत अरब होते, १८१७ सालीं सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूर शहर त्यांनींच डिसेंबरअखेरपर्यंत लढविलें, हें सर्वश्रुत आहे. म्हणून आमच्या गांवच्या नांवांतील ‘अरब’ अडगांवच्या त्या तुकडीशीं नेऊन जोडावा, असें गांवांतील मंडळींनीं आम्हांस अनेकदां सुचविलें. नामसादृश्य हा पुरावा नव्हे. ग्रामनामावरून वीर निर्माण करणें आणि खलित्यांतील ‘असावी’ पुसून टाकणें हे एकाच जातीचे दोष होत. पहिला आपण केला तर दुसऱ्याबद्दल इंग्रजांस बोल लावण्याचा अधिकार आपणांस उरत नाहीं.

शिंद्यांच्या घोडदळानेंहि त्या दिवशीं एक हल्ला केला, तो कंपनीच्या ६ व्या पलटणीच्या पहिल्या बटालियनवर. तो परतविला गेला. यानंतर सारी रांग मागें सरली व चांदण्यांत पाठलाग झाला. इंग्रजांकडील मेलेले व जखमी मिळून साडेतीनशेंच्या वर भरले. आसईच्या मानानें हा आंकडा लहान आहे, व त्यावरून अडगांवची लढाई सोपी होती असें अनुमान काढतात. तीन पलटणींची गोष्ट ज्यानें वाचली आहे, त्यानें तरी असें अनुमान काढूं नये.

एका गोष्टीची नोंद येथें न्यायानें केली पाहिजे. इंग्रजांच्या बाजूसहि त्या दिवशीं लहान दोस्त उभे होते: एलिचपूरच्या सलाबतखानाच्या हाताखालील निजामाचें घोडदळ व विष्णाप्पाच्या हाताखालील म्हैसूरचें घोडदळ. दोघांनींहि नांव मिळविलें, असें वेलस्ली लिहितो. जेत्याच्या लहान दोस्ताला निदान एक वाक्य मिळतें. पराभूताच्या लहान दोस्ताला जोडशब्दांतील दुसरें पद मिळतें. इतिहासकाराचें काम हें असमान माप सरळ करण्याचें आहे.

(५)

अडगांवनंतर सोळा दिवसांनीं, १५ डिसेंबर रोजीं, गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग झुंजत मेला. तेथें शिंद्यांचा संबंध नव्हता. किल्ला भोसल्यांचा, शिबंदी भोसल्यांची, व अडगांवाहून निसटलेलें पायदळहि भोसल्यांचेंच. दोन दिवसांनीं, १७ डिसेंबरला, देवगांवीं भोसल्यांनीं तह केला, आणि शिंद्यांशीं केलेली जूट सोडल्याचें त्या तहांत लिहून दिलें. शिंद्यांचा सुर्जी अंजनगांवचा तह ३० डिसेंबरला झाला.

यावरून कित्येक लेखक भोसल्यांस जूट मोडणारे ठरवितात, तर कित्येक २३ नोव्हेंबरच्या विरामावरून शिंद्यांस. आम्हांस दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. लासवारीनंतर शिंद्यांजवळ लढावयास पायदळ नव्हतें. गाविलगडानंतर भोसल्यांजवळ वऱ्हाडांत उभें राहावयास जागा नव्हती. ज्यानें त्यानें आपलें बळ संपल्यावर निराळी वाट धरली. यांत फितुरी शोधीत बसण्यापेक्षां मूळ दोष पाहावा: दोघांनीं मिळून आधीं ठरविलेलें एक सेनापतित्व नव्हतें, एक खजिना नव्हता, आणि तह करावयाचा तर दोघांनीं मिळूनच करावयाचा, ही मर्यादा दोघांसहि बांधून ठेवणारी नव्हती. व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर चकारानें जोडलेलीं दोन पदें होतीं. क्रियापद ज्याचें त्याचें निराळें होतें.

देवगांवच्या तहानें भोसल्यांनीं बालेश्वरासुद्धां कटक प्रांत दिला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडलें. गाविलगड व नरनाळा आणि त्यांखालील चार लक्षांचा मुलूख तेवढा त्यांजकडे राहिला. वर्धेच्या पश्चिमेचा हा मुलूख इंग्रजांनीं निजामास, म्हणजे आपल्या त्या दुसऱ्या दोस्तास, दिला. आमचें बोरी त्याच मुलखांत येतें. पुढें १८५३ सालीं निजामाच्या नांवानें ठेवलेल्या हैद्राबाद कंटिंजंटच्या खर्चासाठीं हेंच वऱ्हाड इंग्रजांकडे लावून देण्यांत आलें, व १९०२ सालीं सालीना पंचवीस लक्षांवर कायमचें पट्ट्यानें गेलें. पहिल्यानें एका लहान दोस्तानें लढून हा मुलूख गमावला. दुसऱ्यानें दोस्तीखातर पोसलेल्या फौजेच्या खर्चांत तो गमावला. सारांश, आमच्या गांवची जमीन पन्नास वर्षांत दोनदां दोस्तीच्या हिशेबांत खर्ची पडली. हा हिशेब ज्यांच्या शेतांवरून झाला, त्यांच्या वंशजांनीं तरी ‘शिंदे-भोसले’ या जोडशब्दावर समाधान मानूं नये.

(६)

आमचा निष्कर्ष थोडक्यांत असा. आसईस शिंद्यांचा भार मोठा व भोसल्यांचा लहान. अंबड, अडगांव व गाविलगड येथें भोसल्यांचा मोठा. १८०३ च्या दक्षिणेंतील मोहिमेचा उत्तरार्ध मुख्यतः नागपूरकरांनीं लढविला. रघूजींचें आसईचें वर्तन या निष्कर्षानें धुवून निघत नाहीं, आणि निघावें असा आमचा आग्रहहि नाहीं. परंतु मन्याबापूंच्या गोलंदाजांची कामगिरी त्या वर्तनाखालीं पुरली जाऊं नये.

हा निष्कर्ष मुख्यतः प्रतिपक्षाच्या कागदांवरून काढलेला आहे, हें त्याचें बळहि आहे व उणीवहि. बळ अशासाठीं कीं शत्रूनें आपल्या तोंडानें दिलेली कबुली सहज खोडतां येत नाहीं. उणीव अशासाठीं कीं तीन पलटणी मोडणाऱ्या तोफांमागें कोण उभे होते, त्यांस पगार किती व कोणत्या गांवच्या वरातीवर मिळे, आणि अडतीस तोफांपाशीं जे पडले त्यांच्या घरच्यांस पुढें काय मिळालें, हें वेलस्ली सांगूं शकत नाहीं. तें फक्त मोडी कागद सांगतील: हजिऱ्या, वराता, पागांचे हिशेब, आणि विशेषेंकरून बालपरवेशीच्या सनदा. रणांत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांस दिलेल्या नेमणुकीच्या कागदांत बापाचें नांव व मरणाचें ठिकाण येतें. संग्राहक बहुधा मोठ्या सरदारांच्या शिक्क्यांचीं पत्रें जपतात व असले कागद किरकोळ म्हणून गठ्ठ्यांत बांधून ठेवतात. ज्यांच्या संग्रहांत वऱ्हाडांतील दप्तरें असतील, त्यांनीं ते गठ्ठे सोडून १८०३ च्या मार्गशीर्षानंतरचीं सालें आधीं चाळावीं, अशी आमची विनंती आहे. एखाद्या सनदेंत अडगांवचें नांव निघालें, तर तोफा कोणाच्या होत्या या प्रश्नाचें उत्तर वेलस्लीच्या खलित्याशिवाय देतां येईल. आणि तें उत्तर आमच्या खोडीसाठीं निघालें तरी आम्ही त्याचें स्वागतच करूं.